ऐली कोस्केला आणि थेरिओचा डावा पाय

ऐली कोस्केलाची खोली आमच्या आइस हॉकीच्या रिंकच्या पायऱ्यांखाली होती. आत जाताना आम्हा सगळ्यांना वाकावं लागे. ऐलीला लागत नसे, कारण ती जेमतेम पाच फूट. धार लावायचं एक यंत्र, एक लाकडी बाक, खिळ्यांवर लेसने टांगलेले स्केट्स आणि शेगडीवर सतत तापत ठेवलेली कॉफी, एवढाच तिचा संसार. आमच्या हॅलोवेल गावात बर्फावर उतरणाऱ्या प्रत्येकाचे स्केट्स कधी ना कधी तिच्या हाताखालून गेलेले होते. तिला सगळे नुसतं ऐली म्हणायचे, शाळेतली माझी पोरंसुद्धा. मिसेस म्हणायची सोय नव्हती, कारण तिने लग्न केलं नव्हतं, आणि मिस म्हटलेलं तिला आवडत नसे.

हे काम ती बापाकडून शिकली. एनो कोस्केला फिनलंडहून आला आणि जन्मभर लाकूडतोड्यांच्या छावण्यांमध्ये करवतींना धार लावत राहिला. तेव्हा झाडं दोघांनी मिळून ओढायच्या लांब करवतींनी पाडत. संध्याकाळी करवत परत आली, की एनो तिचे दात दिव्यापाशी धरायचा आणि त्याला कळायचं, की आज या जोडीतला कोण राबला आणि कोण नुसता लोंबकळत होता. पण मुकादमाला त्याने हे कधीही सांगितलं नाही. ज्याची करवत त्यालाच बाजूला घेऊन सांगायचा. ऐली तेव्हा छावणीच्या स्वयंपाकघरात भांडी घासायची आणि बापाशेजारी बसून हे पाहायची.

स्केट्सच्या पात्यांतही तिला तसंच दिसे. आमच्या गोलरक्षकाला तिने एकदा विचारलं, "अंगठा दुखतो का रे, डाव्या पायाचा?" तो म्हणाला, थोडासा, पण मी कुणाला बोललो नव्हतो. हाड मोडलेलं निघालं. तीन आठवडे तो त्याच पायावर खेळत होता. हे आम्हाला त्याच्याकडून कळलं, ऐलीकडून नाही.

मी गावच्या हॉकी क्लबचा चिटणीस होतो. दिवसा शाळेत गणित शिकवायचो आणि संध्याकाळी सभेचं इतिवृत्त लिहायचो. त्यामुळे १९७८ च्या हिवाळ्यात जे झालं ते पहिल्यापासून माझ्या डोळ्यांसमोर झालं.

जानेवारीच्या मध्यावर साठ मैलांवरच्या सेंट ऑबिनच्या संघाचा निरोप आला. ते लुसियाँ थेरिओ द्यायला तयार होते. बदल्यात त्यांना आमचा ब्रूनो सार्टोरी हवा होता. थेरिओ म्हणजे कोण, हे आमच्याकडे तान्ह्या पोराला तेवढं सांगावं लागलं असतं. अकरा वर्षं तो वरच्या लीगमध्ये खेळला होता. आमच्यातल्या अर्ध्या लोकांनी लहानपणी रेडिओला कान लावून त्याचे गोल ऐकले होते. आता तो एकोणचाळीस वर्षांचा होता, घरोघरी तेल पोचवायचा ट्रक चालवायचा आणि हौस म्हणून आपल्या गावाच्या संघातून खेळायचा. आणि ब्रूनो? ब्रूनो एकवीस वर्षांचा, निकेलच्या खाणीत कामाला, आमच्याच बर्फावर वाढलेला. त्या मोसमात संघातले सर्वांत जास्त गोल त्याचे होते. अदलाबदल झाली तर सेंट ऑबिनचा कागद कारखाना त्याला नोकरी देणार होता.

दोन आठवडे गावात दुसरा विषय नव्हता. टपालघरात, चर्चच्या पायऱ्यांवर, खाणीच्या पाळणा-लिफ्टमध्ये, सगळीकडे तेच. क्लबचा अध्यक्ष ऑर्विल टकाबेरी, ज्याचं हार्डवेअरचं दुकान होतं, तो थेरिओच्या बाजूने. मेट्रो होलाडिक विरुद्ध. मेट्रो ब्रूनोच्या वडिलांबरोबर एकाच पाळीत होता आणि त्याची जीभ अख्ख्या गावाला ठाऊक होती.

"एकोणचाळीस वर्षांचा माणूस आणायचा, तर आधी त्याच्यासाठी आरामखुर्ची मागव, ऑर्विल," तो रिंकच्या कॉफी काउंटरवर सगळ्यांदेखत म्हणाला. "तुझ्याच दुकानात असेल एखादी पडून."

"तेवीस वर्षं झाली फायनल बघून," ऑर्विल म्हणाला. "आम्हाला कोण नेणार तिथपर्यंत? तू?"

बाजू घेणारे मोजले तर गाव बरोबर मधोमध चिरलं होतं. एक म्हणायचे, घरचं पोर असं देऊन टाकायचं नसतं. दुसरे म्हणायचे, असा माणूस आपल्या गावात खेळेल अशी वेळ पुन्हा यायची नाही. आणि या सगळ्याच्या मुळाशी एक अफवा होती: थेरिओचा गुडघा गेलाय. कोणता, कितपत, कुणालाच माहीत नव्हतं. सेंट ऑबिनवाले हसून विषय टाळायचे.

मतदान फेब्रुवारीच्या दुसऱ्या गुरुवारी ठरलं. त्याआधीच्या शनिवारी सेंट ऑबिनचा संघ आमच्याकडे खेळायला आला. त्यांचं स्वतःचं यंत्र बिघडलं होतं, म्हणून त्यांच्या व्यवस्थापकाने चार जोड्या ऐलीकडे पाठवल्या. त्यातली एक थेरिओची होती.

मी तेव्हा तिथेच बाकावर कॉफी घेत बसलो होतो. एका जोडीला ऐलीला सहा मिनिटं लागत. थेरिओचे स्केट्स हातात घेतल्यावर तिने यंत्र बंद केलं. पातं दिव्याकडे धरून एका डोळ्याने त्याच्या लांबीवरून पाहिलं, मग अंगठ्याचं नख टाचेपासून टोकापर्यंत हळूहळू ओढत नेलं. दुसऱ्या पायाचंही तसंच. मग परत पहिल्या पायाचं. वीस मिनिटं गेली. तिचा चेहरा चर्चमध्ये गाणं सुरू झाल्यावर माणसांचा होतो तसा झाला होता. मी विचारलं, काय झालं. ती म्हणाली, "काही नाही, मास्तर. कॉफी संपव." आणि धार लावायला घेतली.

त्या दिवशी ती वर आली आणि बर्फाभोवतीच्या काचेपाशी उभी राहून सगळा सामना पाहिला. इतक्या वर्षांत मी तिला सामना पाहताना कधी पाहिलं नव्हतं. ती खोलीतच बसायची आणि वरून येणाऱ्या आवाजावरून गोल मोजायची. आम्ही चार-दोनने हरलो. थेरिओने एकही गोल केला नाही, पण त्यांच्या चारपैकी तीन गोलांचे पास त्याचे होते.

स्केट्स ऐलीच्या हातात गेले होते ही बातमी रविवारच्या प्रार्थनेआधी गावभर झाली. सोमवारी ऑर्विल, मेट्रो आणि आणखी पाचसहा जण पायऱ्यांखाली वाकून तिच्या खोलीत शिरले. मीही होतो. ऑर्विलने नीट शब्दांत विचारलं: तुझ्याएवढं कुणाला कळत नाही, गावाचा प्रश्न आहे, गुडघ्याचं काय ते सांग.

"त्याचे स्केट्स आहेत," ऐली म्हणाली. "काय दिसलं ते त्याने विचारलं तर त्याला सांगेन."

"म्हणजे काहीतरी दिसलंय," मेट्रो म्हणाला.

"तुझ्या स्केट्समध्येही दिसतं, मेट्रो. सांगू इथे सगळ्यांसमोर?"

बाकीचे हसले. मेट्रोने कप खाली ठेवला आणि निघून गेला. पण ही गोष्ट हसण्यावारी गेली नाही. गावाचं खाते आणि गावालाच सांगत नाही, असं लोक उघड बोलू लागले. मंगळवारी तिच्याकडे एकही जोडी आली नाही. तिने दिवसभर यंत्राला तेल घातलं, फडकी धुतली आणि बसून राहिली.

बुधवारी खाणीची पाळी सुटल्यावर ब्रूनो आला. त्याने थेरिओबद्दल अवाक्षर विचारलं नाही. स्वतःचे स्केट्स बाकावर ठेवून म्हणाला, "माझ्यात काय दिसतं?"

ऐलीने ते पाहायचीही तसदी घेतली नाही. "तू टाचांवर उभा राहतोस. पक तुझ्याकडे येईल म्हणून वाट बघतोस. पाय चांगले आहेत म्हणून आजवर निभावलं."

ब्रूनोने स्केट्स उचलून खांद्यावर टाकले. मग म्हणाला, "तो खरंच तेवढा मोठा असेल, तर मी जातो. मला वाईट वाटणार नाही. पण नुसत्या नावासाठी मला विकू नका म्हणावं."

तो गेल्यावर ऐली माझ्याकडे आली. पहिल्यांदाच ती माझ्या घराच्या दारात उभी होती. उद्या शाळेला दुपारची सुट्टी आहे ना, असं तिने विचारलं. मग म्हणाली, मला सेंट ऑबिनला नेशील का.

गुरुवारी दुपारी, मतदानाला सहा तास असताना, आम्ही थेरिओच्या घरी पोचलो. दारासमोर तेलाचा ट्रक उभा होता. त्याच्या बायकोने, मार्सेलीनने, आम्ही कोण हे विचारण्याआधी स्वयंपाकघरात बसवून समोर मटाराचं घट्ट सूप ठेवलं. थेरिओ आला तो जिन्याचा कठडा धरून, एकेक पायरी, डावा पाय आधी खाली ठेवून. जवळून तो अगदी साधा माणूस दिसायचा. केस पांढरे, नाक दोनदा मोडलेलं, हाताला तेलाचा वास.

ऐलीने आपण कोण ते सांगितलं. "शनिवारी तुमचे स्केट्स माझ्याकडे होते. आमच्या गावाला जाणून घ्यायचंय, काय दिसलं. तुम्ही हो म्हटल्याशिवाय मी बोलणार नाही. नाही म्हणालात तर सूप पिऊन जाईन."

"काय दिसलं?" थेरिओने विचारलं.

"डाव्या पात्याची आतली धार जशीच्या तशी आहे. त्या पायाने तुम्ही जोर लावतच नाही. चार वर्षं तरी झाली असतील. उजवा पाय दोघांचं काम करतोय, त्याची टाचेकडची धार पार गेली होती." ती थांबली. "पण शनिवारी तुम्ही तीनदा डावीकडे वळलात. आमची पोरं मागे राहिली. अशा पायाने ते होत नाही. मी चाळीस वर्षं धारा लावतेय, मला माहीत आहे होत नाही. ते कसं केलंत, एवढं विचारायला मी आलेय."

मार्सेलीन चुलीपाशी उभी होती, ती वळून नवऱ्याकडे पाहू लागली. गुडघ्याचं खरं काय ते त्या घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं. थेरिओने खुर्ची मागे सरकवली. मग तो उठला आणि खुंटीवरचे स्केट्स काढले.

घरामागे त्याने पाणी सोडून बर्फाचा एक तुकडा तयार केला होता, आमच्या शाळेच्या वर्गापेक्षा फारसा मोठा नाही. त्याने मला काठी आणि रबरी चकतीचा पक दिला आणि सांगितलं, मनाला येईल तिथे मार, मला सांगू नकोस. मी डावीकडे मारला. तो तिथे होता. मी उजव्या कोपऱ्यात मारला. तो तिथेही होता. तो धावत नव्हता. धावल्यासारखं एकदाही दिसलं नाही. मी फसवायला म्हणून डावीकडे पाहून उजवीकडे मारला, तर पक त्याच्या काठीवर जाऊन थांबला, जणू मी मुद्दाम त्याच्या हातातच दिला. दहा-बारा वेळा असं झालं. माझ्या अंगावर काटा आला, आणि तो थंडीचा नव्हता.

"तुमच्या पायांकडे बघतो," तो म्हणाला. "हात खोटं बोलतात. गुडघा गेला तेव्हा ठरवलं, आता वळणं जमणार नाही, तर आधीच वळलेलं असायचं. दोन वर्षं लागली. पुन्हा चालायला शिकल्यासारखं होतं. रोज पहाटे इथे, एकटा."

ऐली बर्फाच्या काठावर उभी होती. तिचे डोळे त्याच्या पायांवरून हलत नव्हते. एका क्षणी ती खाली बसली, हातमोजा काढला आणि त्याच्या उजव्या पात्याने बर्फावर ओढलेल्या रेघेत बोट घातलं. कुणी देवळातल्या दगडावर हात ठेवावा तसं.

"सांगा त्यांना," थेरिओ म्हणाला. "सगळं सांगा. डॉक्टर म्हणतो, हा एक हिवाळा. तोही पुरा की नाही, माहीत नाही. तेही सांगा."

सभा सात वाजता सुरू झाली. एकशेपंधरा सभासद आले होते, उभं राहायला जागा नव्हती. ऐली याआधी कधीच सभेत बोलली नव्हती. ती पुढे जाऊन उभी राहिली, मागच्यांना ती दिसेना, म्हणून ऑर्विलने तिला खुर्चीवर चढवलं. तिने थेरिओने परवानगी दिल्याचं आधी सांगितलं. मग गुडघ्याचं, पात्यांचं, एका हिवाळ्याचं, सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. ऐकता ऐकता ऑर्विलचा चेहरा उतरत गेला. मेट्रोने टाळी वाजवायला हात उचलला होता.

"ब्रूनोकडे दहा-बारा वर्षं आहेत," ऐली म्हणाली. "थेरिओकडे तीस सामने असतील, वीस असतील. हिशोबाने बघाल तर ब्रूनोला ठेवा. पण त्या माणसाने तुटलेल्या पायावर सगळं पहिल्यापासून उभं केलंय. तसं काम मी एकदाही पाहिलं नव्हतं. माझ्या बापाने पाहिलं असतं तर त्याने टोपी काढली असती. मी माझं मत त्याला देणार आहे. इथे यायच्या आधी ब्रूनोला हे मी तोंडावर सांगितलंय."

ब्रूनो मागे भिंतीला टेकून उभा होता. त्याने मान हलवली. त्याचे वडील, एत्तोरे, त्याच्या शेजारी होते. त्यांनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि सभा संपेपर्यंत काढला नाही. मतं मी मोजली. एकसष्ट विरुद्ध चौपन्न. थेरिओ आमचा झाला.

मेट्रो जाताना ऐलीजवळ थांबला. "तीस सामन्यांसाठी पोर दिलंस," एवढंच म्हणाला.

त्यानंतर आठवड्यातून तीनदा थेरिओ साठ मैल गाडी हाकत यायचा. सामन्याआधी तासभर तो ऐलीच्या खोलीत बाकावर बसायचा. ती आता त्याच्या पात्यांना यंत्र फार कमी लावायची, तेल लावलेल्या धारेच्या दगडाने हातानेच घासायची. एका संध्याकाळी तिने त्याला विचारलं, डाव्या पात्याचा बाक थोडा कमी करू का, म्हणजे जास्त पोलाद बर्फावर टेकेल, तोल सांभाळायला गुडघ्याला कमी कष्ट पडतील. तो म्हणाला, वीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नाही. तिने एका आठवड्यात, रोज थोडं थोडं, ते पातं बदललं. पहिल्यांदा ते घालून तो बर्फावर एक फेरी मारून आला, काचेपलीकडून तिच्याकडे पाहिलं आणि डावा पाय उचलून एकदा बर्फावर आपटला. ऐली लाजली. मी तिला लाजताना पाहिलं ते त्याच वेळी.

त्याने गोल थोडे केले. पण त्याच्याबरोबर खेळणारी साधी, अडखळणारी पोरं गोल करू लागली, आणि कसे झाले हे त्यांनाच कळेना. पक त्यांच्या काठीवर येऊन पडायचा. आम्ही उपांत्य फेरीत पोचलो, आणि समोर आला सेंट ऑबिनचा संघ, ब्रूनोला घेऊन.

सात सामन्यांची मालिका. सहावा आमच्याकडे, आणि हरलो तर सगळं संपलं. शेवटच्या काही मिनिटांत तीन-तीन अशी बरोबरी होती. थेरिओ मध्यरेषेपाशी पक घेऊन आला आणि समोरून ब्रूनो, गावातला सर्वांत वेगवान पोरगा, सरळ त्याच्यावर. थेरिओ थांबला. बर्फाच्या मधोमध, सगळ्या धावपळीत, तो चक्क उभा राहिला. ब्रूनो वेगाने त्याच्या पुढून निघून गेला, आणि मागे जी वाट मोकळी झाली तिच्यातून पक पलीकडच्या टोकाला, आमच्या एका पोराच्या काठीवर. गोल झाल्यावर नेहमी छप्पर उडेल असा आवाज होतो. तेव्हा एक क्षणभर काहीच आवाज झाला नाही. अठराशे माणसं नुसती उभी होती. माझ्या पुढच्या रांगेत मेट्रो होता. त्याने टोपी काढून छातीशी धरली होती आणि त्याला त्याचं भान नव्हतं. मग आवाज झाला.

सातवा सामना आम्ही सेंट ऑबिनमध्ये हरलो, एका गोलने. तो गोल ब्रूनोने केला. दुसऱ्या भागात थेरिओच्या गुडघ्याने दगा दिला होता, तरी तो तिसऱ्या भागात उतरला, उजव्या पायावर. शेवटी दोन्ही संघ हात मिळवायला रांगेत उभे राहिले, तेव्हा ब्रूनोने त्याचा हात सोडला नाही. खांद्याखाली हात घालून त्याला बर्फावरून बाहेर नेलं. सेंट ऑबिनचे लोक उभे राहिले, आमचेही. ऐली माझ्या शेजारी होती. तिने माझी बाही घट्ट धरली होती.

थेरिओ पुन्हा खेळला नाही. दोन शस्त्रक्रिया झाल्या, तेलाचा ट्रक त्याने आणखी बारा वर्षं चालवला. ब्रूनो तिकडेच राहिला, तिथल्याच मुलीशी लग्न केलं. आम्हाला फायनल पुढची सहा वर्षं मिळाली नाही. गावात अधूनमधून कुणीतरी म्हणे, चूक झाली, पोर दिलं नसतं तर. असं बोलणाऱ्याला उत्तर बहुतेक वेळा मेट्रोच द्यायचा, आणि ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मी ऐलीला एकदा सरळ विचारलं, तुला काय वाटतं, बरोबर केलं का आपण. ती एका लहान पोरीचे स्केट्स घासत होती. म्हणाली, "बरोबर-चूक मला नाही सांगता येणार, मास्तर. मी ते जवळून पाहिलं. ते माझ्या गावानेही पाहावं असं वाटलं." मग पातं दिव्याकडे धरलं आणि पुन्हा कामाला लागली.

ती १९९१ पर्यंत त्या खोलीत होती. शेवटच्या वर्षी तिची नजर कमी झाली होती, पण पात्यावरून नख फिरवलं की तिला कळायचंच. तिच्या दफनाच्या वेळी सेंट ऑबिनहून दोन गाड्या आल्या. थेरिओ काठी टेकत थडग्यापर्यंत चालत गेला. बर्फाळ उतार होता. ब्रूनो त्याला धरायला पुढे झाला, तर त्याने नको म्हणून हात हलवला आणि एकटाच, हळूहळू, न घसरता खाली उतरला.